संपाचं वेळापत्रक

उद्या संप आहे आणि संपाचं वेळापत्रक आज संध्याकाळीच हाती आलं आहे. पॅरिस मेट्रोचे १, ४ आणि १४ हे मार्ग नेहमीसारखे चालतील. त्या गाड्यांना चालकच नाहीत, मग संपावर जाणार कोण? बाकीच्या मार्गांवर गाड्या धावतील त्या बहुतेक सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळात. औषधांची दुकानं बंद. भाचीच्या शाळेच्या दारावर कागद चिकटवलाय: वर्गशिक्षिका येणार नाहीत, खानावळ बंद, मुलांना डबा द्यावा. पावसाचा अंदाज पाहून छत्रीचं ठरवावं, तसं माझी मावसबहीण हे सगळं फोनवर चाळते आणि उद्या घरूनच काम करीन असा ऑफिसला निरोप धाडते. ती मूळची सांगलीची, पण लग्नानंतर पॅरिसच्या उपनगरात मुरलेली.

‘‘ताई, तुला राग नाही येत?’’

‘‘कसला? सांगून करतात की,’’ ती म्हणाली आणि डब्यात काय द्यायचं याच्या विचाराला लागली.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता ‘थांबणं’. गाव, गाडी, कारखाना थांबवण्यात फ्रान्सचा हात कुणी धरू शकत नाही, असा जगभर समज. मी गेलो तेव्हा निमित्तही तयार होतं. फ्रांस्वा बायरू या पंतप्रधानांनी २०२५ च्या उन्हाळ्यात ४४ अब्ज युरोंच्या काटकसरीची योजना मांडली होती आणि तीत दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करण्याचा प्रस्ताव होता. आठ मोठ्या कामगार संघटनांनी एकत्र येऊन १८ सप्टेंबर ही संपाची तारीख जाहीर केली. ८ सप्टेंबरला संसदेने बायरूंनाच घरी पाठवलं. नवे पंतप्रधान सेबास्तियां लकोर्न्यू यांनी आल्या आल्या सुट्ट्यांचा प्रस्ताव गुंडाळला. ज्याच्याविरुद्ध संप पुकारला तो गेला, ज्या गोष्टीने लोक सर्वांत जास्त चिडले तीही गेली. संप ठरल्या तारखेला झालाच. अर्थसंकल्पातली बाकीची कात्री अजून उघडी होती, आणि दोन वर्षांपूर्वीचा निवृत्तिवयाचा हिशेबही चुकता व्हायचा होता.

पगारपत्रकातला हक्क

परदेशी माणसाला आधी दिसतात ते धूर, ढोल आणि जळते टायर. या सगळ्याच्या मुळाशी असलेला कायदा दिसायला वेळ लागतो, आणि तो समजला की बाकीचं बरंचसं उलगडतं. फ्रान्समध्ये संपाचा हक्क युनियनच्या मालकीचा नाही, एकेका कामगाराच्या मालकीचा आहे. १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात तो आला आणि आजच्या घटनेनेही तो तसाच मानला. खासगी कंपनीत संपावर जायला नोटीस लागत नाही, युनियनची परवानगी लागत नाही, कंपनीत युनियन असण्याचीही गरज नाही. मालकापुढे कामासंबंधीची मागणी ठेवायची आणि किमान दोघांनी मिळून काम थांबवायचं, एवढंच. देशव्यापी हाक असेल तर अख्ख्या कंपनीतला एकटा माणूसही संपावर जाऊ शकतो. शेजारच्या जर्मनीत संप पुकारायचा तो युनियननेच, आणि तिथल्या ‘बेआम्टे’ दर्जाच्या सरकारी नोकरांना तर तो हक्कच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा ना मूलभूत, ना कायदेशीर, ना नैतिक हक्क आहे असं म्हटलं होतं. ते ऐकलेल्या कानांना फ्रेंच कायदा अजबच वाटतो. फ्रान्समध्येही सगळ्यांना मोकळीक नाही म्हणा. पोलिस, सैनिक, न्यायाधीश आणि तुरुंगाचे पहारेकरी यांना संप करता येत नाही.

सार्वजनिक सेवेत मात्र शिस्त आहे. १९६३ पासून युनियनने पाच दिवस आधी नोटीस द्यावी लागते. २००७ मध्ये निकोला सार्कोझी यांच्या सरकारने आणखी एक अट घातली: रेल्वे, मेट्रो, बस चालवणाऱ्या प्रत्येकाने ‘मी संपावर असणार’ हे स्वतः ४८ तास आधी कळवायचं. कंपनी उरलेली माणसं मोजते, त्यांच्यावर गाड्या बसवते आणि आदल्या दिवशी प्रवाशांना सांगते. ताईच्या फोनवरचं वेळापत्रक येतं ते इथून. आता फ्रान्समध्ये संप झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, अशी फुशारकी सार्कोझींनी २००८ मध्ये मारली होती. पुढची कित्येक वर्षं मोर्च्यांतून लोकांनी ती त्यांना परत ऐकवली.

हक्क व्यक्तीचा, म्हणून भुर्दंडही व्यक्तीचाच. संपाच्या दिवसाचा पगार मिळत नाही. सरकारी नोकरांसाठी तर नियम असा की संप तासाभराचा असला तरी महिन्याच्या पगाराचा तिसावा हिस्सा, म्हणजे आख्खा दिवस कापायचा. मोर्च्यात भेटलेल्या एका माध्यमिक शिक्षिकेचे त्या गुरुवारी दोनच तास होते. ‘‘कापतील मात्र पूर्ण दिवस. म्हणून मी पूर्ण दिवस इथे आहे,’’ तिने सांगितलं. मेट्रो-रेल्वेसारख्या सेवांना १९८२ च्या कायद्याचं वेगळं कोष्टक लागू होतं. तिथे तासाभरापेक्षा कमी संपाला पगाराचा एकशेसाठावा भागच जातो. साहजिकच तिथे ५९ मिनिटांच्या संपाची कला विकसित झाली आहे. पाळी सुरू व्हायच्या क्षणाला माणूस ५९ मिनिटं थांबतो, तेवढ्यात गाडी रद्द झालेली असते आणि खिशाला बसतो तो जेमतेम एक चिमटा.

या देशात दहातला जेमतेम एकजण युनियनचा सभासद आहे. खासगी क्षेत्रात तर आठ टक्क्यांहूनही कमी. पश्चिम युरोपात इतकी कमी सभासदसंख्या क्वचितच सापडेल. तरीही नव्वद टक्क्यांहून अधिक नोकरदारांना कुठल्या ना कुठल्या सामूहिक कराराचं संरक्षण आहे, कारण युनियनने केलेला करार सभासद नसलेल्यालाही लागू होतो. संपाचा हक्क तर जन्मजात हातात आहेच. मग वर्गणी कशाला भरायची? युनियनच्या माणसांशी बोलताना हे दुखणं पाच मिनिटांत बाहेर येतं. मोजके सभासद, रिकामी तिजोरी. अशा संघटनेला वाटाघाटीच्या टेबलावर वजन आणायचं तर आधी रस्त्यावर माणसं दाखवावी लागतात. जर्मनीत बोलणी फिसकटली की संप होतो. इथे बोलणी सुरू व्हावीत म्हणून संप करतात.

बास्तिय ते नास्यों

मोर्चा दुपारी दोनचा. बास्तिय, रिपब्लिक, नास्यों हे पूर्व पॅरिसमधले तीन चौक म्हणजे मोर्च्यांचा ठरलेला पंढरीमार्ग. वाटही पोलिस मुख्यालयाला आधी लेखी कळवलेली असते.

चौकात शिरताना आधी नजर वर जाते. घराएवढे हवेने फुगवलेले फुगे डोलत असतात आणि प्रत्येकावर युनियनचं नाव. लालपिवळा सीजीटीचा, केशरी सीएफडीटीचा. सीजीटी जुनी, १८९५ सालची, दीर्घकाळ कम्युनिस्टांच्या जवळची. सीएफडीटी मवाळ, बोलणी करणारी आणि आता सभासदसंख्येत पहिल्या क्रमांकावर. दोघी एरवी एकमेकींना पाण्यात पाहतात. फुग्यांखाली मालमोटारी, त्यांवर भोंगे आणि जनरेटर. कडेला धगधगत्या निखाऱ्यांवर ‘मेर्गेझ’ भाजलं जातंय. हे उत्तर आफ्रिकेतून आलेलं तिखट सॉसेज पावात घालून खाल्ल्याशिवाय मोर्चा पुरा होत नाही. धूर इतका की डोळे चुरचुरतात, आणि तो अश्रुधुराचा आहे की मेर्गेझचा हे नवख्याला चटकन कळत नाही.

माणसं किती तऱ्हेची! नर्सेस, वीजकामगार, विद्यार्थी, नातवाला खांद्यावर घेतलेले निवृत्त पोस्टमन. पांढरे कोट घातलेले औषधविक्रेते घोळक्याने आले होते. जेनेरिक औषधांवर त्यांना मिळणाऱ्या सवलतीला सरकारने कात्री लावली म्हणून देशभरातल्या बहुसंख्य औषधदुकानांचे हिरवे क्रॉस त्या दिवशी विझलेले होते. आता दुकानाचा मालक स्वतःचं दुकान बंद ठेवतो त्याला फ्रेंच कायदा संप म्हणणार नाही, कारण संप नोकरी करणाराच करू शकतो. आपण त्याला हरताळ म्हणू. रस्त्यावर हा भेद कुणी पाळत नव्हतं.

एक गोष्ट मला खटकली. मोर्च्याच्या सगळ्यात पुढे युनियनचे पुढारी असतील असं वाटलं होतं. त्यांच्याही पुढे काही हजारांचा एक बिननावाचा जमाव चालत होता. त्यात साधी माणसंही होती आणि तोंड झाकलेली, काळ्या कपड्यांतली पोरंही. २०१६ च्या कामगार कायद्याविरुद्धच्या आंदोलनापासून ही रीत पडली. बँकांच्या काचा फुटतात त्या इथे, आणि रात्रीच्या बातम्यांत दिसतं तेही एवढंच. त्या दिवशी देशभर ८० हजार पोलिस बंदोबस्ताला होते. मागे कितीतरी वेळ शांतपणे, गप्पा मारत सरकत असलेले लोक कुठल्याच वाहिनीला नको असतात. हिंसा करणाऱ्यांबद्दल युनियनच्या स्वयंसेवकांचं मत छापण्याजोगं नव्हतं.

संध्याकाळी आकड्यांचा खेळ. गृहमंत्रालय म्हणालं, देशभरात पाच लाखांहून अधिक. सीजीटी म्हणाली, दहा लाखांहून अधिक. दुपटीचा हा फरक कुणाला आश्चर्याचा वाटत नाही. ७ मार्च २०२३ ला तर मंत्रालयाचे १२ लाख ८० हजार आणि सीजीटीचे ३५ लाख होते. पोलिस एखाद्या उंच खिडकीत बसून रांगा मोजतात, युनियन आपल्या पद्धतीने मोजते. गेल्या काही वर्षांत काही वृत्तसंस्थांनी यंत्राने मोजणारी तिसरी कंपनी नेमली. ती बहुधा पोलिसांच्या जवळपास पोचते आणि युनियनच्या शिव्या खाते.

रोज सकाळी हात वर

एक दिवसाचा संप हा दबावाचा नमुना. खरा संप तो, जो रोज नव्याने ठरतो. त्याची जागा म्हणजे आगारातली किंवा स्टेशनातली सकाळची सभा, गिरणगावात जिला गेट मीटिंग म्हणत तिची फ्रेंच बहीण. कडाक्याच्या थंडीत पिंपात लाकडी फळ्या पेटवलेल्या, कॉफीचे थर्मास, आणि एकच प्रश्न: उद्या पुन्हा? हात वर होतात. इथल्या रेल्वेत आयुष्य काढलेल्या एका निवृत्त गार्डने मला सांगितलं की पुढाऱ्याचं भाषण कुणी ऐकत नाही, सगळे हात मोजतात. पहिल्या आठवड्यात दोनशे, दुसऱ्यात दीडशे, आणि ज्या सकाळी साठ होतात त्या दिवशी सगळ्यांना कळतं. बहुमताने संप ठरला तरी कामावर जाणाऱ्याला कुणी कायद्याने रोखू शकत नाही, आणि संप मागे घ्यायचं ठरलं तरी कुणाला कामावर ढकलता येत नाही. हक्क शेवटपर्यंत ज्याचा त्याचाच.

या सकाळच्या सभांनीच १९९५ चा संप तीन आठवडे ओढला. पंतप्रधान आलँ ज्युपे यांना रेल्वे-मेट्रो कामगारांच्या निवृत्तीचे नियम बदलायचे होते. ऐन थंडीत पॅरिसकर चालत, सायकलवर, अनोळखी माणसाच्या मोटारीत बसून कामाला गेले, आणि तरी बहुसंख्य लोक संपकऱ्यांच्या बाजूने राहिले. ज्युपेंना तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून एक कल्पना रूढ झाली: दुसऱ्याच्या वतीने संप. खासगी नोकरीतल्या माणसाला दिवसाचा पगार बुडवणं परवडत नाही, साहेबाची भीतीही असते. रेल्वेवाला थांबतो तो आपल्याही वाटचा थांबतो, असं हा खासगी नोकरदार मानतो. म्हणून मोर्च्यात फिरणाऱ्या संपनिधीच्या डब्यात पाच-दहा युरो टाकतो. २०१९ च्या डिसेंबरात निवृत्तिवेतनाच्याच प्रश्नावर मेट्रो आठवडेच्या आठवडे बंद होती, तेव्हा असे निधी इंटरनेटवरून जमले. त्याच नाताळच्या आदल्या दिवशी पॅरिस ऑपेराच्या नर्तकींनी पाले गार्निएच्या पायऱ्यांवर, उघड्या थंडीत, ‘स्वान लेक’मधला एक भाग सादर केला. चौदाव्या लुईच्या काळापासूनची त्यांची वेगळी निवृत्ती-व्यवस्था जाणार होती. बॅले नर्तकीला बेचाळिशीत निवृत्त व्हावं लागतं हे निम्म्या फ्रान्सला त्या दिवशी कळलं.

संपाला विरोध करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांची भाषाही ठरलेली: संपकऱ्यांनी प्रवाशांना ओलीस धरलंय. रोलाँ बार्थने पन्नासच्या दशकात ‘मिथोलॉजी’मध्ये याच युक्तिवादाची चिरफाड केली होती. वर्तमानपत्रं कामगार आणि प्रवासी अशा दोन वेगळ्या जाती कल्पितात, जणू गाडीत बसणारा माणूस कुठे काम करतच नाही, असा त्याचा मुद्दा. मला तो पटतो. पण उपनगरात राहणाऱ्या, पहाटे पाचला लोकांची ऑफिसं झाडायला निघणाऱ्या बाईपुढे बार्थ वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तिला ना घरून काम करता येत, ना चालक नसलेली १४ नंबरची मेट्रो तिच्या दाराशी येते.

कचरा

२०२३ ची हकीकत थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष इमान्युएल माक्रों यांनी निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ वर न्यायचं ठरवलं. कचरा उचलणाऱ्यांना ५७ व्या वर्षी निवृत्त होता येत असे, ते ५९ होणार होतं. ६ मार्चपासून पॅरिसचे सफाई कामगार संपावर गेले.

या शहराच्या वीस विभागांपैकी निम्म्यांचा कचरा पालिकेचे कामगार उचलतात, निम्म्यांचा खासगी कंपन्या. त्यामुळे रस्त्याच्या एका अंगाला पुरुषभर उंच ढीग आणि पलीकडे लख्ख पदपथ, असं दृश्य पुष्कळ ठिकाणी होतं. पण खरी नाडी वेगळीच होती. शहराचा कचरा इव्री, इसी आणि सँ-उअँ इथल्या तीन भट्ट्यांत जळतो, आणि त्या भट्ट्यांचे कामगारही संपावर होते. गाड्या भरल्या तरी रिकाम्या करणार कुठे? ढीग दहा हजार टनांच्या घरात गेले. पोलिस प्रशासनाने काही कामगारांना सक्तीने कामावर बोलावण्याचे आदेश काढले. दरम्यान १६ मार्चला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी राज्यघटनेच्या ४९.३ कलमाचा आधार घेऊन मतदानाशिवायच विधेयक पुढे रेटलं. अविश्वास ठराव नऊ मतांनी पडला. महिन्याच्या अखेरीस कचऱ्याचा संप थांबला, कारण संपकऱ्यांची संख्या घटत चालली होती. सकाळच्या हातांचं गणित इथेही चुकलं नाही.

संप हरला, असंच तेव्हा सगळ्यांनी लिहिलं. २०२५ च्या ऑक्टोबरात, मी पाहिलेल्या मोर्च्यानंतर महिन्याभराच्या आत, लकोर्न्यू यांनी सरकार टिकवण्यासाठी हीच सुधारणा स्थगित करण्याची घोषणा केली आणि डिसेंबरात संसदेने तिच्यावर शिक्का मारला. हा विजय रस्त्याचा की संसदेतल्या बेरीज-वजाबाकीचा, यावर पॅरिसच्या कॅफेंत दोन तट आहेत. मला वाटतं, रस्ता नसता तर त्या बेरजेत समाजवादी खासदारांना हा आकडा मांडायचा धीर झाला नसता.

परक्यांचा संप

परदेशी माणूस फ्रेंच संपाकडे पाहतो तेव्हा तो पर्यटकच असतो असं नाही. कितीदा तरी तो संपकरी असतो. कधी मालकही. लोरेन प्रांतातल्या फ्लोरांजच्या पोलादभट्ट्या लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने बंद करायला घेतल्या, तेव्हा २०१२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार फ्रांस्वा ओलांद कामगारांच्या मोटारीच्या टपावर चढून आश्वासन देऊन आले. निवडून आल्यावर त्यांच्या मंत्र्याने राष्ट्रीयीकरणाची धमकीही दिली. भट्ट्या विझल्या त्या विझल्याच. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्या निवृत्त गार्डला आधी आठवले ते मित्तल, गांधी नंतर.

कागदपत्रं नसलेल्यांचा संप मला सर्वांत विलक्षण वाटला. पॅरिसच्या हॉटेलांची भांडी, इमारतींची बांधकामं आणि रात्रीची साफसफाई मोठ्या प्रमाणावर माली, सेनेगल, बांगलादेशातून आलेल्या बिनापरवाना माणसांच्या जिवावर चालते. दुसऱ्याच्या नावाच्या कागदांवर ते नोकरी करतात, पगारातून करही कापला जातो. २००८ मध्ये, आणि मग २००९-१० मध्ये सहा हजारांच्या आसपास अशा कामगारांनी संप केला. संपावर जाणं म्हणजे मालकाला आणि सरकारला एकाच वेळी सांगणं की मी इथे आहे आणि माझं नाव हे नव्हे. पकडून परत धाडलं जाण्याचा धोका पत्करून ते हॉटेलांच्या दारात आणि बांधकामांवर बसले. मागणी पगारवाढीची नव्हती. मालकाने एका सरकारी फॉर्मवर सही करून ‘हा माझ्याकडे काम करतो’ एवढं कबूल करावं, म्हणजे परवान्यासाठी अर्ज करता येईल. परवाना नसला तरी तो माणूस नोकरदार आहे, आणि संपाचा हक्क कायद्याने नोकरदाराला आहे. कायद्याच्या या फटीतून कित्येकजण उजेडात आले.

आणि मग बातिन्योल. शहराच्या वायव्येला इबिस साखळीचं एक अवाढव्य हॉटेल आहे. तिथल्या सुमारे वीस सफाई कामगार, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या बायका, २०१९ च्या जुलैत संपावर गेल्या. त्या हॉटेलच्या नोकर नव्हत्या. हॉटेलने सफाईचा ठेका एका कंपनीला दिला होता आणि ती कंपनी त्यांच्याकडून तासाला साडेतीन खोल्या उरकून घेई. खोली घाण असली, उशीर झाला, तर तो वेळ त्यांच्या पदरचा. दारापुढे ढोल वाजवत, नाचत, कागदाचे तुकडे उधळत त्यांनी पाहुण्यांची झोप उडवली. संपनिधीवर घर चाललं. मग कोविड आला, हॉटेलच बंद पडलं, पण संप मोडला नाही. मे २०२१ मध्ये, २२ महिन्यांनी, करार झाला: तासाला तीन खोल्या, कामाचे तास मोजणारं यंत्र, जेवणाचा भत्ता, पगारात वाढ. त्यांच्यातल्या राशेल केके, आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेल्या, २०२२ मध्ये एका माजी मंत्र्याला हरवून खासदार झाल्या. २०२४ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांची जागा गेली.

मी त्या हॉटेलात दुपारी दोनला गेलो. मजल्यावर ढकलगाड्या फिरत होत्या, चादरींचे गठ्ठे लिफ्टपाशी रचलेले होते. एक मागणी तेवढी त्या बायकांच्या पदरात पडली नव्हती: ठेकेदार नको, हॉटेलनेच आम्हाला नोकरीवर घ्यावं.